दुर्गाबाई खोटे : पोटासाठी धरलेलं काम, मानानं केलेलं

 

आज आम्ही एका नटीची गोष्ट सांगणार आहोत. नाव दुर्गाबाई खोटे. वयानं मोठ्या बायांनी त्यांना पडद्यावर पाहिलं असेल. 'मुघल-ए-आझम'मधली जोधाबाई आठवते? एका बाजूला नवरा अकबर बादशहा, दुसऱ्या बाजूला मुलगा सलीम, आणि मधे ती आई. त्या दुर्गाबाई. 'बॉबी'मधली त्या पोरीची आजी, त्याही दुर्गाबाईच.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या नटीचं आपल्याला काय? सांगतो. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत मंडई भरते. धान घरात येतं, पाहुणे बोलावले जातात, आणि रात्री नाटक असतं. वडसा, आरमोरी, चामोर्शीकडे ज्यांचं माहेर आहे, त्यांना तर हे सांगायलाच नको. रात्री नऊ-दहाला पडदा उघडतो तो पहाटेपर्यंत. नाटकातली सून रडली की आपण पदरानं डोळे पुसतो. आणि सकाळी पाण्याला जाताना त्याच नटीबद्दल काय बोलतो? "कोणाची पोरगी असेल गं? घरचे कसे सोडत असतील रात्रीबेरात्री?" रात्री टाळ्या आणि सकाळी टोमणे. हा टोमणा फार जुना आहे. दुर्गाबाईंनी तो खाल्ला, आणि त्याच्यापुढं मान खाली न घालता पन्नास वर्षं काम केलं. म्हणून त्यांची गोष्ट.

थोडं मागं जाऊ. साल १९१३. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' नावाचा चित्रपट काढला. हरिश्चंद्राची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. राजा शब्दासाठी राज्य सोडतो, राणी तारामती विकली जाते, पोटचा पोरगा जातो. फाळके तारामतीसाठी बाई शोधत फिरले. बाई मिळेना. नाचगाणं करून पोट भरणाऱ्या बायांनीसुद्धा नकार दिला. शेवटी एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या माणसाला साडी नेसवून तारामती केलं. नवऱ्याच्या शब्दापायी विकली गेलेली, लेकरासाठी रडणारी ती बाई एका पुरुषानं केली!

नाटकात तर हे रोजचंच होतं. बालगंधर्व पुरुष, पण त्यांचा साडी-दागिन्यांचा थाट बघून शहरातल्या बायका तसं नेसायला लागल्या. आपल्याकडच्या दंडारीतही बाईचं सोंग पुरुषच घ्यायचा. बाईची गोष्ट सगळ्यांना हवी, पण बाई तिथं नको.

त्याच १९१३ साली फाळक्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर' या पुढच्या चित्रपटात पहिल्यांदा बायका दिसल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची लेक कमलाबाई मोहिनी झाली. कमलाबाई तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. मायलेकी फिरत्या नाटक मंडळीतल्या होत्या, संसार मोडल्यावर पोटासाठी त्या वाटेला लागलेल्या. लोकांनी नावं ठेवली, पण त्यांनी काम सोडलं नाही. या दुर्गाबाई वेगळ्या बरं का. आपण ज्यांची गोष्ट ऐकतोय त्या दुर्गाबाई खोटे तेव्हा आठ वर्षांच्या होत्या.

इथं आपल्याकडची एक गोष्ट आठवू. आपल्या माडिया गावांत रेला धरला की काय होतं? पोरी येतात, सुना येतात, म्हाताऱ्या येतात, एकमेकींच्या कमरेला हात घालून रांगेत पाय टाकतात. नाचली म्हणून घराची अब्रू गेली, असं कुणी म्हणतं का? नाही म्हणत. म्हणजे बाईनं नाचणं-गाणं ही मुळात लाजेची गोष्ट नाही. ती लाज कुणीतरी ठरवली आणि आपल्या डोक्यावर ठेवली. जी लाज माणसानं ठरवली, ती माणसाला उतरवताही येते.

आता दुर्गाबाईंकडे वळू. जन्म १४ जानेवारी १९०५, मुंबईत, लाडांच्या सुखवस्तू घरात. भरलेलं एकत्र कुटुंब. मुलीला त्यांनी चांगल्या शाळेत घातलं, पुढं सेंट झेवियर्स कॉलेजात पाठवलं. त्या काळात पोरगी कॉलेजात जाणं म्हणजे नवलच होतं. शिकता शिकताच लग्न झालं, खोट्यांच्या घरी. तेही श्रीमंत. दोन मुलगे झाले, बकुळ आणि हरीन. सगळं छान चाललं होतं.

आणि मग सासरचा पैसा बुडाला. ज्या घरात नोकरचाकर होते, तिथं उद्याचं काय हा प्रश्न आला. पदरात दोन लहान पोरं. बायांनो, पुराचं पाणी घरात शिरलं की ते विचारत नाही, घर कौलाचं की माडीचं. दुर्गाबाई तेव्हा पंचविशीच्या आसपास होत्या. कुणीतरी येऊन आपल्याला सोडवेल म्हणून त्या बसल्या नाहीत. कमवायचं ठरवलं.

१९३१ साली 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात त्यांना छोटं काम मिळालं. पैशाची गरज होती, म्हणून घेतलं. चित्रपट वाईट निघाला. पडला तो पडला, वर लोकांनी दुर्गाबाईंना बोलून बोलून नको केलं. मोठ्या घरची सून, शिकलेली बाई, आणि हे असलं काम! माहेरचं नाव घालवलं, सासरचं नाव घालवलं. घराचा पैसा बुडाला तेव्हा यातलं कुणी दाराशी आलं नव्हतं. बाई कमवायला निघाली, तेव्हा मात्र सगळे आले. हे चित्र आपल्याला नवं नाही.

दुसरी कुणी असती तर तिथंच थांबली असती. पण तो पडका चित्रपट व्ही. शांताराम यांच्या नजरेत आला. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीचे ते दिग्दर्शक. त्यांना चित्रपट नाही, पण त्यातली बाई पसंत पडली. त्यांनी बोलावणं धाडलं. चित्रपट होता 'अयोध्येचा राजा', आणि भूमिका होती तारामतीची. तीच तारामती, जी एकोणीस वर्षांपूर्वी अण्णा साळुंक्यांनी साडी नेसून केली होती.

एकदा तोंड पोळलेलं असताना दुर्गाबाईंनी हो म्हटलं. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' आला. तो मराठीतला पहिला बोलपट. म्हणजे पडद्यावरची माणसं पहिल्यांदाच मराठीत बोलली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे, संगीतही त्यांचंच. तारामती आता खरीखुरी बाई होती. ती रडली तर बाईच्या आवाजात रडली, गायली तर स्वतःच्या गळ्यानं गायली. आज पडद्यावर नटी ओठ हलवते आणि आवाज दुसरीचा असतो. तेव्हा ती सोय नव्हती. अभिनय करता करता तिथंच गायचं, जवळच वाजवणारे बसलेले, आणि एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. धानाची रोवणी वाकडी झाली तर बांधीत पुन्हा उतरावं लागतं, तसं.

हे नीट ऐका. दुर्गाबाई नाटक-सिनेमाच्या घरात वाढल्या नव्हत्या. कामाची माहिती नव्हती. पण काम धरल्यावर त्या ते शिकल्या. उभं कसं राहायचं, आवाज किती काढायचा, राणीची चाल कशी आणि विकल्या गेलेल्या बाईची चाल कशी. पोटासाठी धरलं म्हणून त्यांनी काम कसंबसं उरकलं नाही. चित्रपट गाजला. 'फरेबी जाल'च्या वेळी बोललेली तोंडं बंद झाली. त्यांना उत्तर द्यायला दुर्गाबाई कुणाच्या दारात गेल्या नाहीत, त्यांचं काम गेलं.

त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र' आला. त्यात दुर्गाबाई बायकांच्या राज्याची राणी होत्या, आणि राणीच्या शेजारी पाळलेला चित्ता! पुढं १९३६ साली 'अमर ज्योती' आला. त्याची गोष्ट आपल्या गटात सांगावी अशी आहे. सौदामिनी नावाच्या बाईला दरबार तिचं मूल देत नाही. आईचा हक्क कायद्यात बसत नाही म्हणतात. मग ती गप्प बसत नाही. समुद्रावरची दर्यावर्दी लुटारू होते आणि त्या सत्तेशीच लढते. हे १९३६ सालचं बरं का. तो चित्रपट परदेशात व्हेनिसच्या महोत्सवातही दाखवला गेला. मूल कुणाचं, घर कुणाचं, सातबारावर नाव कुणाचं, हे प्रश्न आजही आपल्या बैठकीत येतात. ते तेव्हा पडद्यावर एका बाईनं कंबर कसून विचारले होते.

आता पैशाची गोष्ट, कारण आपण गटातल्या बाया आहोत आणि पैशाची गोष्ट आपल्याला कळते. त्या काळी नट-नटी एका कंपनीत महिन्याच्या पगारावर असायचे. कंपनी सांगेल ते काम, कंपनी देईल तो पैसा. दुर्गाबाईंनी स्वतःला एका दावणीला बांधून घेतलं नाही. प्रभातमध्ये काम केलं, आणि कलकत्त्यालाही गेल्या. तिथं १९३३ साली 'राजरानी मीरा' केला, १९३४ साली 'सीता' केला. 'सीता'मध्ये राम होते पृथ्वीराज कपूर, आणि तेच पुढं 'मुघल-ए-आझम'मध्ये अकबर झाले. जिथं काम चांगलं आणि मोल बरं, तिथं जायचं, असं ठरवणाऱ्या सुरुवातीच्या कलावंतांत दुर्गाबाई होत्या. तेंदूच्या हंगामात आपण काय करतो? यंदा पुड्याला दर काय, हे आधी विचारतो, ग्रामसभा बसते, मगच तोडायला जातो. आपल्या कामाचं मोल आपण बोललो नाही, तर दुसरा बोलतो, आणि तो कमीच बोलतो.

हळूहळू वय वाढलं. नटीचं वय वाढलं की तिला घरी बसवायची रीत आहे. दुर्गाबाईंनी तरुण दिसायचा हट्ट धरला नाही. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्या सुनेला छळणारी सासू झाल्या. १९४२ साली 'भरत मिलाप'मध्ये कैकेयी झाल्या. लोकांनी ज्यांच्यावर राग काढावा अशा बाया. पण कैकेयीसुद्धा एक आईच ना? तिला कशाची भीती वाटली, तिचं मन कसं फिरलं, हे दाखवायला अंगात धमक लागते. या दोन्ही कामांसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकारांनी त्यांना पुरस्कार दिला.

सिनेमात इतकं नाव झाल्यावरही त्यांनी नाटक सोडलं नाही. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांत त्या उभ्या राहायच्या. 'भाऊबंदकी'त त्या आनंदीबाई झाल्या. शेक्सपिअर नावाच्या इंग्रज नाटककाराचं 'मॅकबेथ' हे नाटक वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' म्हणून मराठीत आणलं. त्यातली राज्याच्या लोभानं नवऱ्याला खुनाला उभी करणारी राणीही दुर्गाबाईंनीच केली. सिनेमात चुकलं तर पुन्हा घेता येतं. नाटकात समोर माणसं बसलेली असतात, तिथं चुकीला जागा नाही. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९६८ साली पद्मश्री, आणि १९८३ साली दादासाहेब फाळके पुरस्कार. थांबा. ज्या फाळक्यांना १९१३ साली तारामती करायला एक बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा देशातला सर्वांत मोठा सिनेमाचा मान एका बाईला, पडद्यावरच्या त्या तारामतीलाच मिळाला.

नुसती नटी म्हणून त्या थांबल्या नाहीत. स्वतःची कंपनी काढून माहितीपट केले, जाहिराती केल्या. दूरदर्शनवर १९८८ साली 'वागले की दुनिया' नावाची मालिका लागायची. साध्या पगारदार माणसाच्या घरातली. ती दुर्गाबाईंच्याच कंपनीची. तेव्हा त्यांनी ऐंशी पार केली होती!

दुःखानं त्यांना सोडलं नाही. धाकटा मुलगा हरीन तरुणपणीच गेला. ज्या पोरांसाठी टोमणे सोसून काम धरलं, त्यातलं एक आईच्या डोळ्यांसमोर गेलं. मागं राहिली सून विजया आणि तिची लहान मुलं. ही विजया म्हणजे पुढं मराठी नाटकात मोठं नाव झालेल्या दिग्दर्शिका विजया मेहता. सासू रंगभूमीवरची, सूनही रंगभूमीवरची. बाईनं नाटक केल्यानं घर बुडतं म्हणणाऱ्यांनी या घराकडे एकदा बघावं.

दुर्गाबाईंनी आपली कहाणी स्वतः लिहून ठेवली. पुस्तकाचं नाव 'मी, दुर्गा खोटे'. १९८२ साली आलं. तालुक्याच्या वाचनालयात मिळालं तर एखाद्या बैठकीत मोठ्यानं वाचा. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

आता एक खरी गोष्ट बोलायला हवी. दुर्गाबाईंच्याबद्दल त्या काळी लोक कौतुकानं म्हणायचे, "चांगल्या घरची बाई सिनेमात आली, म्हणून सिनेमाला मान आला." ऐकायला बरं वाटतं. पण याचा दुसरा अर्थ काय होतो? आधी ज्या आल्या त्या चांगल्या घरच्या नव्हत्या! तमाशातल्या बाया, कलावंतिणींच्या पोरी, दुर्गाबाई कामतांसारख्या फिरत्या नाटकातल्या बाया, यांनी वाट पाडली, काटे त्यांच्या पायात गेले. दुर्गाबाई खोट्यांपाशी शिक्षण होतं, इंग्रजी होतं, घराण्याचं नाव होतं. म्हणून त्यांचं ऐकलं गेलं. त्यांच्या कष्टाला आम्ही कमी लेखत नाही. पण मान हा बाईच्या कामाला मिळायला हवा, तिच्या आडनावाला नाही. ज्या नटीचं आडनाव आपल्याला ठाऊक नाही, जी टेम्पोत बसून वडशाहून रात्रीची येते, चेहऱ्याला रंग लावते, पहाटे तो पुसून दुसऱ्या गावाला निघते, तिलाही तोच मान मिळायला हवा. तिलाही घरी लेकरं असतील. तिच्याही डोक्यावर मुलीच्या शिक्षणाचा, आईच्या औषधाचा खर्च असेल. तीही आपल्यासारखीच हंगामावर जगते. आपला तेंदूचा हंगाम, मोहाचा हंगाम, तिचा नाटकाचा हंगाम.

मग आपण काय करू शकतो? गावात नाटक आणायचं ठरतं तेव्हा मंडळात पुरुषच बसतात. यंदा गटातल्या दोघी-तिघींनी त्या बैठकीत जाऊन बसा. चार गोष्टी सांगा. नट्यांना कपडे बदलायला आडोशाची, दार लागणारी खोली हवी. स्वच्छ संडास आणि पाणी हवं. नाटकाआधी पोटभर गरम जेवण हवं, आणि जेवण वाढायला गावातल्या बाया असाव्यात, म्हणजे तिला परकं वाटणार नाही. आणि दारू पिऊन रंगमंचाजवळ धिंगाणा घालणाऱ्याला बाहेर काढायची जबाबदारी कुणाची, हे आधी ठरलेलं असावं. याला फार पैसा लागत नाही. मन लागतं.

आणि घरातली गोष्ट. आपल्या एखाद्या पोरीचा गळा चांगला असेल, शाळेच्या स्नेहसंमेलनात ती धीटपणे बोलत असेल, आणि म्हणाली, "आई, मला नाटकात काम करायचंय," तर लगेच तिच्यावर ओरडू नका. विचारा. कोणतं मंडळ, सोबत कोण, पैसे किती आणि कुणाच्या हातात, शाळेचं काय. धान्याचा व्यापारी दारात आला की आपण जशी चौकशी करतो, तशी करा. चौकशी करणं आईचं काम आहे. लाज वाटून तोंड बंद करणं नाही.

या आठवड्याच्या बैठकीत दोन प्रश्नांवर बोला. पहिला, आपल्या गावात कोणत्या कामाला गेलेल्या बाईला नावं ठेवली जातात, आणि ती नावं कोण ठेवतं? दुसरा, त्या बाईच्या घरावर वेळ आली होती तेव्हा नावं ठेवणाऱ्यांनी काय मदत केली होती? बोललेलं वहीत लिहून ठेवा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या. निवडक उत्तरं आम्ही पुढच्या कार्यक्रमात सांगू, नाव न घेता.

बायांनो, नाटक बघायला जरूर जा. रात्री टाळ्या वाजवा, आणि सकाळी पाण्याला गेल्यावर त्या बाईनं काम कसं केलं तेवढंच बोला.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोवर नमस्कार.